दुप्पटरावांची चौकट

आमच्या साहेबाला मी मनातल्या मनात दुप्पटराव म्हणते. काहीही मंदावलं की त्याच्याकडे एकच औषध: आकडा दुप्पट करा.

इस्पितळांचे स्कॅन आमच्या सर्व्हरांवर तुकड्यातुकड्यांनी साठवलेले असतात. एखादी डिस्क गेली की तिच्यावरच्या तुकड्यांच्या नव्या प्रती काढायला प्रत्येक सर्व्हरवर वर्कर असतात, म्हणजे एकाच वेळी चालणारे प्रोग्राम. त्या सकाळी एक डिस्क गेली आणि दुप्पटरावाने वर्कर दुप्पट केले. तेवढ्याने भागेना, म्हणून प्रत्येक वर्करने एका वेळी किती कामं धरायची, तोही आकडा दुप्पट केला. मग पुन्हा दोन्ही. या दोन आकड्यांचा गुणाकार होतो, हे तिसरीतल्या पोराला कळेल. याला पदोन्नती आड येते.

उरलेली प्रत्येक डिस्क बिचारी एका वेळी एकाच जागचं वाचते. शेकडो हात तिला ओढायला लागले. एक ना धड, भाराभर चिंध्या.

"दुरुस्ती कशी जोरात चाललीय!" तो पडद्याकडे बघून खुशीत म्हणाला. सुरू झालेल्या कामांची रेघ वर चढली होती. पुऱ्या झालेल्या कामांची रेघ तळाला झोपली होती, पण तिकडे बघायला मान वळवावी लागते.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. ताईच्या मेंदूतली गाठ आज काढायची होती.

"अगं, तिचा स्कॅनच उघडत नाहीये. डॉक्टर म्हणतायत, ऑपरेशन पुढे ढकलू. तिचा उजवा हात आत्ताच उचलत नाहीये गं."

मी उठून साहेबाच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, वर्कर कमी करा. माझ्या बहिणीचा स्कॅन अडकलाय."

"कमी?" तो हसला. "अहो, माणसं काढून काम वाढतं का कधी? आपल्या डिस्कच जुन्या आहेत."

नाचता येईना, अंगण वाकडं! वर, आकड्याला हात लावलात तर नोकरी गेली समजा, असं बजावून स्वारी जेवायला गेली.

मी हात लावला. एका डिस्कमागे एकच वर्कर ठेवला, त्याच्याकडे एकच काम. कामं निमूट रांगेत लागली. थोड्या वेळाने दाजी म्हणाले, "उघडला. आत नेलं तिला." मी तिथेच रडले.

दुप्पटराव ढेकर देत आला आणि कामं भराभर उरकताना बघून खुलला. "बघा! म्हटलं नव्हतं? आता अजून दुप्पट करू."

"करा की," मी म्हटलं. त्याच्या पडद्यावरची आकडा भरायची चौकट मी होती तशीच ठेवली होती. फक्त ती आता कशालाच जोडलेली नव्हती.

ताई हल्ली उजव्या हाताने माझा कान पिळते. दुप्पटराव अजून रोज आकडा दुप्पट करतो. परवा तो चौकटीत मावेना, म्हणून त्याने मोठी चौकट मागितली. दिली करून.