पायरी परत द्या

आमच्या दुकानाचं दार माझ्या नवऱ्याने दोनदा खालून कापलंय. सुतार आहे तो, कापाकापी म्हणजे त्याच्या हातचा मळ. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की दार बाहेर उघडेनासं होतं. मग हा करवत काढणार, खालची पट्टी कापणार आणि म्हणणार, "झालं बघ." काय झालं? डोंबल झालं! रस्ता वर चढतोय आणि आम्ही आमचं दार आखूड करतोय.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा दारापुढे दोन पायऱ्या होत्या. त्याआधी तीन होत्या म्हणे. आता एकही नाही. कुठे गेल्या नाहीत, गाडल्यात. रस्ता उंबऱ्याच्याही वर आलाय, त्यामुळे पावसाचं पाणी सरळ आत. मी कपडे दुरुस्त करते. उसवलेली शिवण, फाटलेला खिसा, लांब झालेली पँट. गेल्या पावसात एका गिऱ्हाइकाचा कोट भिजला आणि मशीनची मोटर जळाली. अजून एक थर पडला की या खोलीचं तळं होणार आणि माझं दुकान बंद. इतकं सरळ आहे.

आणि तो थर घेऊन कोण यावं? माझी नणंद! रस्ते खात्यात इंजिनीअर आहे. बाहेर तिला मॅडम म्हणतात, घरात चिमी. याच घरात वाढली. थर पडायच्या आदल्या संध्याकाळी आली आणि चहाच्या कपात बघत बोलायला लागली.

"वहिनी, उद्या आपल्या गल्लीचा नंबर आहे."

"भेगा भरायला येताय ना?"

"नाही गं. थर टाकायचाय."

"अगं, तूच म्हणाली होतीस ना, रस्ता आतून ठणठणीत आहे, नुसत्या भेगा बुजवल्या की काही वर्षं बघायला नको?"

"म्हणाले होते. साहेबांनाही म्हणाले. भेगा भरू, नाहीतर वरचं खरवडून काढू, तेच तापवून पुन्हा वापरू. खडीसाठी पलीकडचा डोंगर निम्मा खाल्लाय आपण, अजून किती खायचा? तर साहेब म्हणतात, भेगा भरलेला रस्ता ठिगळं लावल्यासारखा दिसतो. लोकांना काळाकुळकुळीत हवा असतो."

ठिगळं! हा शब्द माझ्यासमोर त्या तोऱ्यात काढायचा नाही. ठिगळांवर माझं घर चालतं. "फाटक्या शर्टावर नवा शर्ट चढवून फिरतात का तुझे साहेब? तो फाटला की त्यावर तिसरा?"

"वहिनी, ओरडू नकोस ना."

"मग तू नाही म्हण त्यांना."

"नाही म्हटलं की बदली."

"आणि हो म्हटलं की तुझं माहेर पाण्यात. जा, टाक थर!"

चहा अर्धा टाकून ती गेली. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. दार अजून थोडं कापू, खालची कडी वर सरकवू." मी म्हटलं, "करवतीला हात लावलास तर बघ."

सकाळी उठले ती माळ्यावरची पहार काढून थेट दारापुढे. पदर वगैरे खोचायला वेळ कुणाला, हाणली पहिली. हातापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या, रस्त्याला ओरखडासुद्धा नाही. समोरचा घड्याळवाला शटर उघडत होता. "वहिनी, वेड लागलं काय? फुकटात नवा रस्ता मिळतोय."

"तुमच्या दुकानात बेडूक पोहायला लागले की सांगा मग फुकटाचं!"

नवरा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. आता समजूत काढणार म्हणून मी फणकारायच्या तयारीतच होते. तर तो जवळ आला आणि म्हणाला, "उभी नको मारूस. तिरकी धर." आणि आतून छिन्नी-हातोडा घेऊन शेजारी उकिडवा बसला. मग निघायला लागलं. वरचा तुकडा, त्याखालचा, त्याखालचा. थराखाली थर, सगळे घट्ट, नुसत्या वरच्यालाच काय त्या भेगा. आणि मग पहार दगडावर वाजली. पायरी!

तेवढ्यात गाड्या आल्याच. रोलर, कंत्राटदार, माणसं, आणि डोक्यावर पिवळी टोपी घातलेली चिमी.

"वहिनी! सरकारी रस्ता फोडतेस? केस होईल तुझ्यावर!"

"कर केस. पत्ता तुला पाठ आहे."

माणसं फिसकन हसली. चिमी लालबुंद झाली, तरातरा पुढे आली आणि खाली बघून थांबली. पायरीचा एक कोपरा उडालेला होता. लहानपणी ती तिथेच आपटली होती, पुढचा दात पडला होता, ही गोष्ट या घरात शंभरदा सांगून झालीय. ती खाली बसली. हातमोजा काढून तिने त्या कोपऱ्यावर हात ठेवला.

माझा राग कुठल्या कुठे गेला. "चिमे, पायरी माझी नाही गं. तुझ्या बाबांनी बसवलीय. मी फक्त परत मागतेय."

कंत्राटदार घाईला आला होता. "मॅडम, बुजवून टाकतो. दहा मिनिटांचं काम. गरम माल निघालाय तिकडून."

चिमी उठली. "माल दवाखान्याच्या रस्त्यावर न्या. तिथे खरोखरचे खड्डे आहेत. इथे काम बंद. रस्त्याची कड उघडी पडलीय, उघड्या कडेवर थर टाकता येत नाही. खरवडायचं मशीन येईपर्यंत इथे कुणी फावडं लावायचं नाही."

लगेच तिचा फोन वाजला. साहेबच असणार, कारण ती ताठ उभी राहिली. "हो सर, मीच थांबवलं... हो, घर माझंच आहे. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले सर. लोक म्हणाले असते, घरचं काम करून घेतलं... करा बदली." तिने फोन खिशात टाकला. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "वहिनी, एकाच दारापुढे खड्डा असेल तर ते उद्या येऊन बुजवतील."

एवढी अक्कल मलाही आहे. मी वळले. "अहो घड्याळवाले, तुमच्या किती पायऱ्या होत्या?"

त्याने आपल्या दारापुढच्या डांबराकडे बघितलं. "एक होती," तो म्हणाला. "चांगली रुंद होती." मग नवऱ्याकडे वळून, "छिन्नी आहे का हो जास्तीची?"

दुपारपर्यंत गल्लीभर ठणाठण चालली होती. बुजवून बुजवून किती दारं बुजवणार? शेवटी मशीन आलंच. वरचे थर खरवडून नेले, त्यातलंच थोडं तापवून, नवं डांबर घालून पातळसं पसरलं. उरलेला माल दुसऱ्या रस्त्यांना पुरला. डोंगराला त्या वेळी कुणी हात लावला नाही. आमच्या दोन पायऱ्या वर आल्या. तिसरी अजून खालीच आहे, तिचंही बघू.

आता दाराखाली एवढी फट आहे की शेजारचं मांजर शेपटी उभी ठेवून आत येतं. नवरा रोज पट्टी ठोकायची म्हणतो. मी ठोकू देत नाही. राहू दे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

चिमीची बदली झाली, लांब. परवा आली, दोन पायऱ्या चढली आणि परत उतरून खालच्या पायरीवरच बसली. म्हणाली, "वहिनी, तिथल्या शाळेच्या दारात पाणी तुंबतं. पायऱ्या गाडल्यात. आणि पुन्हा थर टाकायचा हुकूम आलाय."

"मग?"

"पहार दे."

मी आत जाऊन आणून दिली. दुकानातून नवरा ओरडला, "तिरकी धरायची, सांग तिला!"