पाणी पायरीवर आलं की

बाबांनी गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर ठेवून हलकेच ओढलं. ते घसरलं. त्यांनी जिभेने चुक् केलं आणि गळ पुन्हा कानशीवर धरला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर गळ, शिसाची वजनं, तंगूसाच्या दोरीचं रीळ आणि या सगळ्याच्या मधोमध आईने वैतागून आदळलेला चहा.

"हे टेबल जेवायचं आहे, एवढं लक्षात असू दे," आई म्हणाली.

"जेवायलाच आणतोय की मासा."

"आणलात की बोला. मागच्या खेपेला दोघं भाऊ रात्रभर बसून सर्दी घेऊन आलात."

रजेवर आलेली लेक समोर बसून दुसऱ्या गळाच्या छिद्रातून तंगूस ओवत होती. चष्मा लावूनही बाबांना ते छिद्र आताशा दिसत नसे. पण तसं कबूल करण्यापेक्षा ते "तुझा हात बसू दे" असं म्हणत.

"आज तरी सरकार दम धरतील ना?" बाबांनी लेकीकडे बघत विचारलं.

"बाबा, पुरे."

"नाही, आधीच विचारून ठेवलेलं बरं. परवा सरकारांच्या घोट्याला पाणी लागलं नाही तोच जग बुडालं."

आई हसली. लेकही हसली, पण तंगूस छिद्रातून चुकला आणि तिला तो पुन्हा ओवावा लागला.

वसंताचे शेवटचे दिवस होते. या दिवसांत जिताडा मासा काळोख पडल्यावर खडकांच्या अगदी कडेला येतो. बाबा त्यासाठी पुढच्या खडकावर जाऊन उभे राहत. पुढचा खडक आणि मागचा खडक यांच्यात एक अरुंद घळ होती आणि घळीत पायरीसारखा एक सपाट दगड. भरतीचं पाणी त्या पायरीवर चढलं की परतायला फार वेळ उरत नसे. लाटांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. म्हणून मागच्या खडकावर कुणीतरी पायरीवर डोळे ठेवून बसायचं आणि वेळ झाली की बाबांच्या पुढ्यातल्या पाण्यावर बॅटरीचा उजेड टाकायचा. एकदाच. उजेड पडला की जिताडा त्या रात्री तिथे फिरकत नाही, त्यामुळे उजेड पडला म्हणजे खेळ संपला. गळाला मासा असला तरी तंगूस तोडून मागे यायचं, वाद घालायचा नाही. हा नियम बाबांचाच होता.

मागच्या खडकावरची जागा तीस वर्षं काकांची. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवणारे. त्यांची कंबर धरली होती, म्हणून या आठवड्यात लेक जात होती, त्यांचीच बॅटरी घेऊन. परवा तिने पाणी पायरीच्या दोन बोटं खाली असतानाच उजेड टाकला होता. बाबांच्या गळाला तेव्हा चांगलाच जोर होता. त्यांनी मुकाट्याने तंगूस तोडला आणि ते परत आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी वाण्यापासून पोस्टमनपर्यंत भेटेल त्याला त्यांनी ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली.

त्या रात्री पाणी पायरीवर चढलेलं तिने चांदण्यात पाहिलं. फेसाची पांढरी रेघ दगडावरून सरकली आणि मागे गेली नाही. तिचा अंगठा बटणावर होता. त्याच क्षणी पुढच्या खडकावर बाबांच्या गळाची काठी वाकली. बाबांनी पाय फाकून रोवले. ते पाठमोरे होते, पण त्यांच्या खांद्यांवरून तिला कळलं की हा मोठा आहे.

तिने उजेड टाकला नाही. ती थांबली. किती थांबली, ते पुढे तिला कधीच धड आठवता आलं नाही. मग एक लाट पुढच्या खडकावरून आरपार आली आणि ओसरली तेव्हा खडकावर कुणी नव्हतं. घळीकडे धावताना बॅटरी तिच्या हातून सुटली, दगडावर आपटली आणि पाण्यात गेली.

बाबा सकाळी सापडले.

दुपारी घर माणसांनी भरलं. आईच्या शेजारी बसलेल्या कुणीतरी हळूच विचारलं, उजेड दाखवला नव्हता का? लेकीने तोंड उघडलं. पण भिंतीला धरून कसेबसे उभे असलेले काका तिच्याआधी बोलले.

"लागलीच नसणार ती बॅटरी. सेल जुने होते. मी बदलणार होतो, राहून गेलं."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. लेकीने तोंड मिटलं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तिने तेच ठरवलं. मग रजा संपली.

वर्षाने ती परत आली तेव्हा काकूने तिला दारातच गाठलं.

"तूच सांग बाई आता त्यांना. रोज रात्री खडकावर जातात आणि वर्षभरात माशाचं एक शेपूट घरात आलेलं नाही. गल्लीतली माणसं विचारतात, काका, मासे धरायला जाता की त्यांना वाचायला दिवा दाखवायला?"

"म्हणजे?"

"म्हणजे जाऊन बघ. आणि दुकानाचं तर बोलूच नको. एक पंखा चार चार वेळा उघडतात. चालणारा पंखा, अगं! गिऱ्हाईक म्हणतं, काका, झाला की हा. हे म्हणतात, थांबा, भरवसा नाही."

दुकानात काका खुर्चीवर बसून एका मिक्सरचं झाकण लावत होते. लावून झाल्यावर त्यांनी बटण दाबलं. मिक्सर फिरला. त्यांनी वायर काढली आणि स्क्रूड्रायव्हर पुन्हा हातात घेतला. तिला पाहून ते उठले, एका हाताने कंबर धरून.

"वाळलीस गं."

"तुम्हीही वाळलात."

"तुझी काकू तेल कमी घालते आताशा."

"रात्री मी येऊ खडकावर?"

काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग त्यांनी फळीवरून एक कोरी बॅटरी काढली, खोक्यातले नवे सेल तिच्यात भरले आणि ती तिच्या हातात दिली.

"दाब."

तिने दाबली. दुकानाच्या भिंतीवर उजेडाचं वर्तुळ उमटलं.

"पुन्हा दाब."

"लागतेय काका."

"पुन्हा."

रात्री काका पुढच्या खडकाकडे गेलेच नाहीत. मागच्या खडकावर बसूनच त्यांनी गळ टाकला, काठी दोन दगडांत खोचली आणि बॅटरी लावून घळीत धरली. उजेड पायरीवर पडला. पाणी अजून बरंच खाली होतं. त्यांनी बॅटरी विझवली, शंभरेक आकडे मोजता येतील एवढा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा लावली. पायरी, पुढचा खडक, पलीकडचं पाणी, सगळीकडे ते उजेड फिरवत राहिले.

"असं केल्यावर मासा कसा येईल?" ती म्हणाली.

"न येऊ दे."

"मग गळ कशाला टाकता?"

"नुसतंच येऊन बसलो तर लोक म्हणतील डोकं फिरलंय."

ती हसली नाही. काकांनी पुन्हा बॅटरी लावली, विझवली. बटण दाबण्याआधी दरवेळी ते श्वास धरत होते आणि उजेड पडला की सोडत होते. ते तिच्या लक्षात आलं आणि मग तिला दुसरं काही ऐकू येईना.

"तुला एक सांगू?" काका म्हणाले. "माझा डोळा लागला की दादा दिसत नाही. तू दिसतेस. इथेच बसलेली. बटण दाबतेयस, दाबतेयस आणि ते मेलं लागत नाही. तू ओरडतेयस, मला हाक मारतेयस. आणि मी घरी शेक घेत पडलोय."

"काका..."

"नाही, तुझी काय चूक? तू पोर. तुझ्या हातात मी मेलेले सेल दिले."

त्यांनी पुन्हा बॅटरी उचलली. तिने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दोघांच्या मध्ये दगडावर ठेवली. त्यांचा हात बॅटरीच्या मागोमाग आला. तिने तो हात धरला आणि धरून ठेवला. आता सगळीकडे काळोख होता. भरती लागली होती आणि लाटांचा आवाज वाढला होता. त्या आवाजात शब्द हरवू नयेत म्हणून ती सरकून त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली.

"काका, बॅटरी चांगली होती," ती म्हणाली. "मी ती लावलीच नाही. पाणी पायरीवर आलेलं मला दिसलं होतं. बाबांच्या गळाला मासा होता आणि मला वाटलं, एवढा येऊ दे."