उकड्या भाताचे सात दिवस

हळदीच्या डब्यावर चिठ्ठी, मिठाच्या बरणीवर चिठ्ठी, दारावर चिठ्ठी, पाण्याच्या हंड्यावर चिठ्ठी. बरं, त्या मराठीत तरी असाव्यात! सगळ्या इंग्रजीत. सकाळी चहा ठेवायला गेले तर साखरेच्या डब्यावरसुद्धा काहीतरी वेडंवाकडं लिहून भाताच्या शितांनी चिकटवलेलं. मी चौथी शिकलेली बाई. माझ्याच स्वयंपाकघरात मला पाहुण्यासारखं वाटायला लागलं.

"हे कुणी केलं गो?" मी ओरडले.

"आई, उपक्रम आहे तो," पडवीतून आरोही म्हणाली. "काकीने लिहून दिलं. काढू नको हां."

काकी म्हणजे मालन, माझी धाकटी जाऊ. माझे यजमान काशीराम मुंबईला छापखान्यात, वर्षातून दोनदा घरी. दीर विनीत रत्नागिरीला मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात, पहाटेच्या एसटीने जातो आणि दिवेलागणीला येतो. म्हणजे दिवसभर पालीच्या ह्या घरात आम्ही दोघी बायका, म्हातारे मामंजी आणि माझी तिसरीतली आरोही. मालन रत्नागिरी शहरात वाढलेली, बारावी झालेली. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून पदरी काही नव्हतं.

आणि मी तिच्यावर जळत होते. खोटं कशाला सांगू?

दोन हजार चार सालची दिवाळीची सुट्टी. शाळेतल्या बाईंनी पोरांना एकेक कागद दिला होता, सुट्टीत घरी करायचे उपक्रम म्हणून. इंग्रजीसाठी घरातल्या वस्तूंना नावं चिकटवा. गणितासाठी घर वितीने आणि पावलांनी मोजा. घरापासून विहिरीपर्यंतचा नकाशा काढा. आजोबांना त्यांच्या लहानपणाचे दहा प्रश्न विचारा. बी रुजत घाला आणि सात दिवस रोज काय दिसतं ते लिहा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरातल्या मोठ्यांची मदत घ्यावी.'

मोठ्यांची म्हणजे कुणाची? आईची ना? मी पहिल्याच दिवशी पदर खोचून पोरीपाशी बसले होते. बावन्न वजा सत्तावीस. मी दोनाचे बारा केले, खालच्या दोनात हातचा मिळवला, पंचवीस काढून दिले. आमच्या गुरुजींनी छडी मारमारून शिकवलेली रीत.

"असं नसतं आई," आरोही म्हणाली. "वरचा दशक सोडवायचा असतो."

"उत्तर बरोबर आलं ना?"

"उत्तर आलं, पण रीत चुकली. राहू दे. काकीला येतं."

राहू दे! एवढंसं पोर, मी पोटात वाढवलेलं, मला म्हणतं राहू दे. वही उचलली आणि गेली मालनच्या खोलीत. तिकडून दोघींच्या हसण्याचा आवाज आला, आणि मी चुलीपुढे बसून उगाच लाकडं ढोसत राहिले.

मग ते रोजचंच झालं. दोघी मिळून पडवी मोजायच्या. दोघी मिळून मामंजींना छळायच्या, "आजोबा, तुम्ही शाळेत कशाने लिहायचात?" म्हातारा खूश. मला कुणी काही विचारेना. एके दिवशी आरोहीने नकाशा आणून दाखवला. विहीर होती, फणस होता, गोठा होता, गोठ्यातल्या म्हशीला शिंगंसुद्धा काढली होती. काकीची खोली तांबड्या रंगाने रंगवलेली, तिला खिडकी, खिडकीला पडदा. स्वयंपाकघराच्या जागी एक रिकामा चौकोन.

"आणि मी कुठे गो ह्यात?"

"नकाशात माणसं नसतात, आई," ती म्हणाली.

म्हशी चालतात. आयांना जागा नाही. त्या दिवशी मालनच्या ताटात आमटी वाढताना माझा हात आखडला, हे मला कळलं होतं.

त्याच आठवड्यात मी भात उकडायला काढलं. आमच्याकडे रोजच्या पेजेला उकडाच तांदूळ लागतो. आदल्या दिवशी भात भिजत घालायचं, दुसऱ्या दिवशी मोठ्या हंड्यात सालीसकट उकडायचं, दाण्याचं तोंड फुटलं की उपसून खळ्यात वाळवायचं आणि मग गिरणीवर न्यायचं. हे काम मी कुणाच्या हातात देत नाही. ताव चुकला तर तांदळाचा कणीकोंडा होतो. मालनने दोनदा विचारलं होतं, "वहिनी, मला शिकवा ना." मी म्हटलं, "तू पोरीचा अभ्यास बघ."

खळ्यात दोन तट्टे अंथरले होते. डावीकडे उकडं भात, उजवीकडे गेल्या साली पेरून उरलेलं बियाण्याचं भात, ऊन दाखवायला काढलेलं. चार दिवस वाळल्यावर दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी. उकड्याचा रंग जरा काळपट आणि सालीची शिवण उसवलेली, एवढाच फरक. खेड्यातल्या बाईला तो लांबून दिसतो. शहरातलीला नाकाशी धरला तरी दिसायचा नाही.

मी उजव्या तट्ट्यावर पायाने भात फिरवत होते. आरोही आणि मालन वाटी घेऊन आल्या. मालन वाकली आणि तिने डावीकडची मूठ भरली.

उकडलेलं भात ते. आत दाणा शिजलेला. शंभर वर्षं पाण्यात ठेवलं तरी त्याला कोंब येणार नाही. मी तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं.

"वहिनींना विचारू या का गं, कुठलं घ्यायचं?" मालन म्हणत होती.

"आईला काय विचारायचं?" आरोही म्हणाली. "तिला अभ्यासातलं काही कळत नाही."

मी तोंड मिटलं. पाय फिरवत राहिले.

त्यांनी वाटी मालनच्या खिडकीत ठेवली, वर ओलं फडकं घातलं. आरोहीने वहीत सात रकाने आखले. पहिल्या दिवशी लिहिलं, 'दाणे फुगले.' दुसऱ्या दिवशी, 'दाणे फुगलेलेच आहेत.' मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. बघू दे, म्हटलं, बारावी पास काकीचा पराक्रम. तिसऱ्या दिवशी पोर उठली ती तोंडसुद्धा न धुता खिडकीकडे धावली आणि मान खाली घालून परत आली. मी तिच्या पेजेवर तूप जरा जास्त घातलं. मायेने घातलं की आनंदाने, ते मलाही सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी वाटीला वास यायला लागला. मालनने पाणी बदललं, फडकं बदललं, वाटी खिडकीतून काढून देवघरापाशी ठेवली. आरोहीने देवाला साखर ठेवली. पाचव्या दिवशी ती माझ्यापाशी आली, स्वतःहून, आणि माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"आई, भात का रुजत नाही गो?"

झालं. ह्याचसाठी तर मी तडफडत होते ना? पोर आली होती, विचारत होती. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण माझ्या जिभेवर मेलं काय बसलं होतं कोण जाणे.

"काकीला विचार," मी म्हटलं. "मला अभ्यासातलं काही कळत नाही."

तिने पदर सोडला. सहाव्या दिवशी तिने वहीत काहीच लिहिलं नाही. सातव्या दिवशी वाटी ओतून टाकायला मालन मागल्या दारी गेली ती बराच वेळ आत आली नाही. मी बघायला गेले. ती धुण्याच्या दगडावर बसून रडत होती. आवाज न करता, खांदे हलवत.

"काय झालं गो? एवढंसं भात ते."

"भाताचं नाही, वहिनी." तिने नाक पुसलं. "माझा हातच तसला. काही लागत नाही माझ्या हाताला. परवा शेजारच्या गंगाताईंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं ना? मी ओटी भरायला उठले तर गंगाताईंनी सुनेचा पाट बाजूला सरकवला. सगळ्यांसमोर. म्हणाल्या, तू नको, बस तू. आणि आता पोरीचं साधं भातसुद्धा माझ्या हातून..."

ती उठली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडायला लागली.

मला काय वाटलं असेल? मी त्या दगडाखाली गेले असते तर बरं झालं असतं. मी तिची जिरवायला निघाले होते, बारावीची मिजास उतरवायला. आणि ती बाई सात दिवस त्या वाटीत स्वतःचं नशीब बघत बसली होती. पण खरं बोलायची हिंमत तेव्हाही झाली नाही. मी वाटीतला एक दाणा उचलला, दातांखाली दाबला आणि नुकतंच काहीतरी कळल्यासारखं केलं.

"अगो वेडे," मी म्हटलं, "हे उकडं आहे! चुकून उकड्यातलं उचललंस तू. हे कुणाच्याही हातून रुजायचं नाही. तुझ्या हाताला काय झालंय?"

तिने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मग रडता रडता हसली. माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, तुम्ही नसतात तर मी हेच धरून बसले असते," म्हणाली.

त्याच दुपारी मी आरोहीला घेऊन बसले. उजव्या तट्ट्यावरचं बियाण्याचं भात रात्रभर भिजवलं, सकाळी गोणपाटात बांधलं, चुलीमागच्या उबेला ठेवलं आणि वर दगड ठेवला. पावसाळ्याच्या तोंडावर पेरणीला आम्ही असंच मोड आणतो. तिसऱ्या दिवशी गोणपाट सोडलं तर आत पांढरेशुभ्र कोंब, एकमेकांत गुंतलेले. आरोही किंचाळलीच. तिने माझ्या गळ्याला मिठी मारली.

"आई, तुला येतं! तुला काकीपेक्षा जास्त येतं!"

काय सांगू तुम्हाला, अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. गेले तीन आठवडे मी ह्या एका वाक्यासाठी आसुसले होते. आणि त्याच भरात माझा ताबा सुटला.

"पण तुला कसं कळलं ते उकडं होतं?" तिने विचारलं.

"त्यात काय कळायचंय? मला खळ्यातूनच दिसलं. काकीने मूठ भरली तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाई सांगतात का उत्तर आधी?" मी म्हटलं. तेवढ्यात जे सुचलं ते बोलले. "तुझं तू शोधायचं असतं."

तिला ते फार आवडलं. वही काढून ती पडवीत लिहायला बसली. मालन तिथेच कुळीथ पाखडत होती. आमचं बरं चाललं होतं त्या दोन-तीन दिवसांत. सकाळी तिने माझी वेणी घालून दिली होती, आणि पुढच्या खेपेला भात उकडायला मी तिला बरोबर घेणार होते, तसं कबूलही केलं होतं. मी उंबऱ्यात बसून नारळ सोलत होते.

"काकी, ऐक, कसं लिहिलंय," आरोही म्हणाली आणि बाईंसारखा आवाज काढून वाचायला लागली. "आम्ही दोन प्रकारचं भात रुजत घातलं. बियाण्याच्या भाताला तीन दिवसांत कोंब आले. उकड्या भाताला सात दिवसांत कोंब आले नाहीत, कारण त्याचा दाणा शिजलेला असतो. ते भात उकडं आहे हे माझ्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मालनचं सूप थांबलं. कुळीथ एका बाजूला घरंगळून दोन-चार दाणे जमिनीवर पडले. तिने ते वेचले नाहीत.

"पहिल्या दिवसापासून, वहिनी?"

पोर काहीतरी लिहिते, असं म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण आरोही आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती, पेन्सिल दातात धरून.

"होय," मी म्हटलं.

"मी मागल्या दारी तुमच्या खांद्यावर रडले, तेव्हापण?"

मी कोयता खाली ठेवला. मान डोलावली.

"बघितलंस काकी?" आरोही फुशारकीने म्हणाली. "माझ्या आईला सगळं आधीच माहीत असतं."