मधून कडेकडे

शामकांत सरांनी सीडी कडेनं धरली, मऊ फडक्यानं मधल्या भोकापासून कडेकडे एक सरळ हात मारला आणि खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली. गोल गोल पुसायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. गोल ओरखडा गाण्याच्या वाटेनंच जातो आणि गाणं गिळून टाकतो. आडवा असला तर यंत्र तो ओलांडून पुढे जातं. नियम आजही पाळला जात होता, फक्त सीडीवर चिमण्यांची घाण आणि फवारणीचे पांढरे डाग होते.

समोर भीमाबाई बसल्या होत्या. शाळेत पोरांना खिचडी शिजवून घालण्यात त्यांची वीस वर्षं गेली. शेजारी त्यांची लेक राही, गळ्याभोवती सुती ओढणी घट्ट गुंडाळलेली, आणि तिच्या मांडीवर चार वर्षांची मनवा. राहीला सोनईला दिलेली. मागच्या हिवाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि तिच्यासोबत आवाजही गेला. सकाळी दारात उभं राहून भीमाबाईंनी एवढंच मागितलं होतं.

"सर, पोरगी आईचा आवाज इसरायला लागली. तुमच्याकडं राहीचं गानं हाय, तेवढं ऐकवा."

हे काय अवघड, असं म्हणून सर कपाटाकडे गेले होते. देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत ते गाणं शिकवायचे आणि दर स्नेहसंमेलनाची एक सीडी करून ठेवायचे. डब्या उभ्या, सालवार, उन्हापासून लांब. मोठा थाट होता त्याचा. राहीच्या वर्षाची डबी त्यांनी डोळे मिटून काढली आणि उघडली. आत काही नव्हतं.

मग त्यांना दिवाळी आठवली. साफसफाईला त्यांनी सगळ्या सीड्या बाहेर काढल्या होत्या, प्रत्येक दहा सेकंद लावून पाहिली होती. एकीवर नुसतंच कुणीतरी माइकवर एक, दोन, तीन म्हणत होतं. ही चाचणीची असणार, असं ठरवून पुढचं न ऐकताच ती त्यांनी टाकाऊंत घातली. सीडीवर नाव लिहिलेलं नव्हतंच. चांदी वरच्या पातळ रोगणाच्या लगेच खाली असते, पेनाचं टोक लागलं तरी जखम होते, म्हणून लिहायचं ते डबीवर, हाही त्यांचाच नियम. टाकाऊ सीड्या शेजारच्या वैजनाथनं नेल्या आणि पाखरं हाकलायला डाळिंबाच्या बागेत टांगल्या.

सर स्वतः बागेत गेले. वारा अगदी मंद होता. झाडाझाडांतून सीड्या सावकाश वळत होत्या आणि उजेडाचे गोल पानांवरून, मातीवरून, सरांच्या सदऱ्यावरून सरकत होते. एक हिरवट जांभळा गोल तळहातावर आला, थांबला, निघून गेला. आपण शिकवलेली सगळी पोरं इथं फेर धरून आहेत आणि आपल्याला त्यांतलं एकही ओळखू येत नाही, असं त्यांना वाटलं आणि थोडा वेळ ते तिथे का आले तेच विसरले. वैजनाथनं हाक मारली तेव्हा भानावर आले. दोघांनी मिळून अठरा सीड्या उतरवल्या.

सतरा लावून झाल्या होत्या. ही अठरावी, आतल्या झाडाच्या सावलीत टांगलेली. मधला भाग बरा होता, पण फांदीला घासून कडेची चांदी उडाली होती. तिथून खिडकीतलं आकाश आरपार दिसत होतं. सरांनी डबीवरची यादी पाहिली. राहीचं गाणं अकरावं, सगळ्यांत शेवटचं.

ते शेवटचं का, हे त्यांना पक्कं आठवत होतं. ज्यांचे आईवडील पहिल्या रांगेत बसायचे त्यांची पोरं आधी गायची. खिचडीवाल्या बाईंची पोर पाहुणे उठून गेल्यावर. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आता मात्र मान वर होईना.

"भीमाबाई, सीडी मधून वाचली जाते, कडेकडे. शेवटचं गाणं कडेला येतं," ते म्हणाले. "ते गेलं. चूक माझी आहे."

राहीनं हातानं खूण केली, लावा तरी.

सरांनी सीडी यंत्रात ठेवली. थोडी खरखर झाली आणि बारीक, स्वच्छ आवाज खोलीत आला.

"एक, दोन, तीन..."

राहीचे ओठ हलले. आईसोबत ती सगळ्यांच्या आधी शाळेत यायची, म्हणून माइक तपासायला सरांनी तिलाच पुढे उभं केलं होतं. आवाज चार, पाच करत नऊवर पोचला तेव्हा तिचे ओठ बरोबरीनं नऊ म्हणत होते.

"आज्जी, ही कोन बोलती?" मनवानं विचारलं.

राहीनं लेकीचा हात उचलून आपल्या छातीवर ठेवला.

"दहा," सीडीतली पोर म्हणाली, आणि जरा थांबून, "अजून म्हणू का, सर?"

"बास. खाली बस," सरांचाच तरुण, घाईतला आवाज आला.

मनवानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा तो प्रश्न, पुन्हा बास. तिसऱ्या वेळी मनवाही आईच्या तोंडाकडे बघत मोजू लागली. सर यंत्राजवळ वाकून उभे होते, बोट बटणावर.

"दहा. अजून म्हणू का, सर?"

सरांनी बटण दाबलं. पुढचं काही वाजलं नाही.

"म्हण, बाळ," ते राहीकडे बघून म्हणाले, आणि सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली.