जीव वाचला ना, मग?

"अगं, तोंडात काय आहे त्याच्या? बघ, बघ आधी!"

आई ओरडली तेव्हा मी ओट्यापाशी होते. धावत बाहेर आले तर बाळ जमिनीवर बसलेलं, समोर आईचा बटणांचा डबा आडवा पडलेला आणि घरभर बटणं. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. आत काहीच नव्हतं. मूठ मात्र घट्ट मिटलेली होती. एकेक बोट सोडवून ती उघडली, तर आत एक कॅप्सूल. अर्धी पांढरी, अर्धी हिरवी, लाळेने चिकट झालेली, पण अख्खी.

मग मी खाली बघितलं. कोटाच्या काळ्या बटणांत, शर्टाच्या पांढऱ्या बटणांत तशाच कॅप्सूल पडल्या होत्या. महिनाभर माझ्यासमोर रोज रात्री जेवण झाल्यावर आई पाण्याच्या घोटाबरोबर जी गिळत होती, तीच ही गोळी.

"हे काय आहे, आई?"

ती गुडघे टेकून बटणं गोळा करायला लागली. बोटं बटणावरून घसरत होती. एक उचलायला जावं तर दोन पुढे सरकत होती.

"झाकण लावलं होतं मी," ती म्हणाली.

"लागलं नव्हतं."

"मी दाबून लावलं होतं गं."

तिने दाबलं असणार, यात मला शंका नव्हती. ते बसलं की नाही, हे तिच्या बोटांनी तिला सांगितलं नव्हतं, एवढंच. पण त्या क्षणी मला हे सुचलं नाही. मी बाळाला छातीशी धरून तिच्यावर तुटून पडले. "याने गिळली असती तर? आणि तू मला फसवत होतीस? लहान मुलासारख्या गोळ्या गालात धरून?"

आईने मान वर केली. तिचे डोळे लाल झाले होते.

"हो, फसवत होते. वेड्यांची गोळी आहे ती. मला वेडी ठरवलंय त्या डॉक्टरीणबाईंनी. बोटं दुखतात म्हणून सांगितलं, तर डोक्याचं औषध दिलं. औषधाच्या दुकानातला पोरगा रांगेसमोर विचारतो, 'मावशी, ही डिप्रेशनची आहे, कोणासाठी?' सगळी माणसं माझ्याकडे वळून बघत होती. म्हटलं, शेजारणीसाठी."

एवढ्या रागातही मला हसू आलं. ती मात्र हसली नाही.

आई काजं करायची. मास्तरांच्या दुकानात, मागच्या खिडकीशी, बुटक्या स्टुलावर बसून. कोट मास्तर कापायचे, मशीनवर दुसरे शिवायचे, पण शेवटी प्रत्येक कोट आईच्या मांडीवर यायचा. हाताने केलेलं काज आणि मशीनचं काज यांतला फरक गिऱ्हाइकाला सांगता येत नसे, पण बटण लावताना कळत असे. आईच्या काजात बटण स्वतःहून जाऊन बसायचं. तिथे सगळे तिला काजवाली म्हणत. काम करताना ती कापडाकडे क्वचितच बघायची. गप्पा मारायची, खिडकीबाहेरच्या माणसांना नावं ठेवायची, आणि बोटं आपली आपण टाके घालत राहायची. त्या दुकानाचा एक नियम होता : कापडावर रक्ताचा ठिपका पडला, की तो कारागीर त्या दिवशी घरी. आई त्या नियमाने कधीच घरी आली नव्हती.

मग छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं सुरू झाली, केस गेले, केस आले. माझं बाळंतपण आणि तिचं आजारपण एकाच घरात, एकाच वर्षात झालं. तिचे रिपोर्ट चांगले आले त्या दिवशी मी रडले. ती हातांकडे बघत बसली होती.

बोटांच्या टोकांना आग. तळपायांना आग. आणि त्या आगीखाली काहीच नाही, नुसता बधिरपणा. "सोललेल्या तारा हातात धरल्यासारखं वाटतं," ती म्हणायची, "आणि वरून जाड हातमोजे." चादर पायाला लागली तरी दचकायची, आणि गरम भांडं धरलं तर कळायचं नाही. तळपायाची आग मस्तकाला जाणं हे आपण बोलण्यापुरतं म्हणतो. आमच्या घरात ते रोज घडत होतं.

आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, जीव वाचला ना, मग झालं तर! माझी चुलत सासू तर हात जोडून म्हणाली, "शिर सलामत तो पगडी पचास."

"पगडी बांधायला बोटं लागतात," आई म्हणाली, आणि उठून आत गेली.

आधी तिला जीवनसत्त्वांच्या लाल गोळ्या दिल्या. "त्यांनी फक्त लघवी पिवळी झाली," हा आईचा अहवाल. मग दुसरी एक आली, नसांची म्हणून. तिने आग थोडी शमली, पण पाय सुजले आणि आई दिवसभर धुक्यात गेल्यासारखी वागू लागली. एकदा बाळाला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या तिला झोप लागली. जागी झाली तेव्हा बाळ मांडीच्या कडेला आलेलं होतं. ती गोळी तिने त्याच दिवशी सोडली आणि डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यावर ही हिरवी-पांढरी आली. ती कशासाठी, हे कोणी सांगितलं नाही. "जेवणानंतर घ्या, पुढचा पेशंट."

बटणं गोळा करून झाल्यावर मी म्हटलं, "उद्या जाऊ. जे मला बोललीस ते त्यांच्या तोंडावर बोल."

"बोलेन की. घाबरते की काय?"

हॉस्पिटलच्या त्या हॉलमध्ये खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. एक माणूस उठला की सगळी रांग हलते. आमच्या समोर हिरव्या स्वेटरमधली एक बाई बसली होती, आईपेक्षा बरीच लहान, डोक्याला रुमाल. आत गार होतं म्हणून ती स्वेटरचं वरचं बटण लावत होती. लागत नव्हतं. ती हसली, हात झटकले, पुन्हा लावू लागली. आई एकटक बघत होती. लोकांच्या बटणांकडे बघणं ही तिची जुनी खोड, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

"कितवं सलाइन?" आईने विचारलं.

"आज तिसरं."

"बोटांना मुंग्या?"

"येतात थोड्या." ती पुन्हा हसली. "एवढं चालायचंच. जीव वाचतोय ना!"

आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर अर्धा प्यालेला चहा, वर साय धरलेली. "या आजी, कशा आहात?"

"आजी मी याची," आईने माझ्या कडेवरच्या बाळाकडे बोट केलं. "तुमची पेशंट." आणि रुमालाची पुरचुंडी टेबलावर सोडली. कॅप्सूल घरंगळल्या, एक चहाच्या कपाला जाऊन टेकली. "या घ्या तुमच्या वेडाच्या गोळ्या."

डॉक्टरीणबाई आधी कॅप्सूलकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली नाही. बाळाने टेबलावरचं पेन मागायला हात पुढे केला आणि त्यांनी ते न बघताच दिलं.

"वेडाच्या नाहीत हो," त्या म्हणाल्या. "ही नैराश्यासाठी देतात, ते खरं आहे. पण दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतून वर जातो ना, तोही ती दाबते. तुमच्या आजारात जेवढ्या गोळ्या करून बघितल्यात, त्यांत त्यातल्या त्यात हीच चालते. मी नसांसाठी दिली होती."

"मग हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? जीभ भाड्याने आणायची होती?"

"आई!" मी म्हटलं.

"तू गप्प बस." आई माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "महिनाभर मी रात्र रात्र पाय भिंतीला टेकवून काढली. गोळी उशाशी होती. आणि मी ती टाकत होते, कारण तुम्हाला दोन वाक्यं बोलायला वेळ नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या कॅप्सूल गोळा केल्या. मग म्हणाल्या, "सांगायला हवं होतं. बरोबर आहे तुमचं."

आईची वादाची तयारी होती, कबुलीची नव्हती. मग तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "ठीक आहे. घेते गोळी. बोटं परत येतील ना? मला दुकानात जायचंय. मास्तरांनी माझं स्टूल ठेवलंय अजून."

मला वाटतं, घरातून निघताना ती एवढंच विचारायला निघाली होती. बाकीचा राग वाटेत गोळा झाला होता.

"आग कमी होईल बहुतेक," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "सगळ्यांची होत नाही, पण बऱ्याच जणांची होते. सुरुवातीला मळमळेल, ते दिवस काढायचे. आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. पण बधिरपणा... तो या गोळीने जात नाही. कुठल्याच गोळीने जात नाही. काहींची बोटं हळूहळू सुधारतात. तुमचं बरंच पुढे गेलंय. मी खोटं सांगणार नाही."

"पुढे गेलं म्हणजे?"

"लवकर कळलं असतं तर त्या औषधाचा डोस कमी करता आला असता. तुम्ही मुंग्या येतात म्हणून सांगितलं असतं तर—"

"सांगितलं होतं."

"इथे नोंद तर—"

"सांगितलं होतं!" आईचा आवाज हॉलपर्यंत गेला असणार, कारण बाहेरची कुजबुज थांबली. "तिसऱ्या सलाइनला. सुई लावणाऱ्या मुलीला सांगितलं, राउंडला आलेल्या डॉक्टरला सांगितलं. दोघं म्हणाले, येतात थोड्या. जीव वाचतोय ना! माझ्या बोटांवर माझं घर चाललं, ही शिकली, हिचं लग्न झालं, आणि तुम्हाला ती थोडी वाटली? जीव म्हणजे काय तो, नुसता श्वास? घ्यायचा आणि सोडायचा?"

बाळ दचकून रडायला लागलं. मी त्याला थोपटत होते. मी तिची मुलगी. तिसऱ्या सलाइनच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले होते. जीव वाचतोय ना, हे तेव्हा मीही म्हटलं असेन.

आई एकदम उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, निघालीच. पण दार पुन्हा उघडलं, आणि आईच्या मुठीत हिरव्या स्वेटरचं मनगट होतं.

"अहो, माझा नंबर नाही आला अजून," ती बाई म्हणत होती. "लोक ओरडतायत मागे."

"ओरडू देत. बस. सांग यांना."

"काय सांगू? काही विशेष नाही हो डॉक्टर, थोड्या मुंग्या—"

"थोड्या म्हणालीस ना पुन्हा, तर कानाखाली देईन. ते बटण लाव. यांच्यासमोर लाव."

बाईने बटण हातात घेतलं. बटण काजापाशी जाई आणि निसटे. दुसऱ्यांदा निसटलं तेव्हा तिचं हसू गेलं. डॉक्टरीणबाईंनी चहाचा कप बाजूला सारला, खुर्ची पुढे ओढली आणि तिची बोटं हातात घेतली.

"कधीपासून होतंय? नीट आठवून सांगा. घाई नाही."

मग त्यांनी फोन उचलून आत सांगितलं, "आजचं तिसरं थांबवा. मी येऊन बघते, मग डोस ठरवू."

आई दाराला टेकून उभी होती. आभाराचं कोणी काही बोललं नाही, आणि बोललं असतं तर ती भांडली असती.

तिने गोळी घ्यायला सुरुवात केली. पहिले काही दिवस अन्नाकडे बघवेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंचा उद्धार केला, पण गोळी गिळली. माझ्यासमोर तोंड उघडून दाखवायची, "बघ, नाही गालात." हळूहळू रात्री भिंतीवर पाय टेकवणं कमी झालं. मग एकदा सकाळी म्हणाली, "चादर अंगावर होती गं रात्रभर." एवढंच. आग बरीच विझली होती.

बोटं मात्र आली नाहीत. दुखायची तेव्हा निदान आहेत असं वाटायचं, ती म्हणाली.

मास्तर भेटायला आले. स्टुलाचा विषय त्यांनी काढला नाही, इकडचं तिकडचं बोलत राहिले. निघताना आईच म्हणाली, "मास्तर, खिडकीची जागा अडवून ठेवू नका. चांगला उजेड येतो तिथे." मास्तर बराच वेळ चपला शोधत राहिले. चपला समोरच होत्या.

परवा दुपारी बाळ झोपलं होतं. आई खिडकीत त्याचा लोकरीचा कोट घेऊन बसली. एक काज सुटलं होतं. मला म्हणाली, "सुई ओवून दे." दिली. पूर्वी न बघता काजं करणारी माझी आई कापड नाकाशी धरून एकेक टाका डोळ्यांनी घालत होती. गप्पा नाहीत, बाहेर कोण चाललंय त्याची दखल नाही. मी मदत करू का, असं विचारलं नाही. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं, तेव्हा तिने दोरा दातांनी तोडला, बटण काजातून घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

मग दोन्ही तळव्यांवर कोट धरून माझ्यापुढे केला.

"आधी बघ. रक्त लागलंय का कुठे?"

मी कोट उजेडात नेला. उलटा केला, अस्तर बघितलं. कापड स्वच्छ होतं.

"नाही," मी म्हटलं.

"नीट बघ."

"बघितलं. कुठेच नाही."

ती समाधानाने काजाकडे बघू लागली. तिच्या डाव्या हाताच्या बोटावर लाल थेंब फुगून आला होता, आता ओघळेल असा. मी बाळाचं दुपटं उचललं आणि हलकेच तो टिपून घेतला.

तिला कळलं नाही.