चौऱ्याण्णव टक्के

व्हर्लिन कोम्ब्सने उभ्या आयुष्यात कॉलेजची पायरी चढली नव्हती, पण नातीचं कॉलेज निवडायची वेळ आली तेव्हा गडी जणू कुलगुरूच झाला. केंटकीच्या डोंगरातल्या त्या स्वयंपाकघरात टेबलावर दोन माहितीपत्रकं पडली होती. एक पाऊण तासावरच्या सरकारी कॉलेजचं, दुसरं ओहायोतल्या, सहा तासांवरच्या नावाजलेल्या कॉलेजचं. तिकडे मेडिकलला जायचं तर आधी असल्या कॉलेजात चार वर्षं काढावी लागतात.

"हे वाच," नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी करत तो म्हणाला. "आमच्या अर्जदारांपैकी चौऱ्याण्णव टक्के मेडिकलला लागतात. चौऱ्याण्णव, डेलिसा! ते पाऊण तासवाले आकडा छापतच नाहीत. का बरं छापत नसतील?"

"पापॉ," ती आजोबांना म्हणाली, "तिथे शिकवणारे पोरांना नावानिशी ओळखतात. आणि मला दर रविवारी घरी येता येईल."

"घर काय पळून जातंय? डॉक्टर व्हायचंय का माझी बीन्सची हंडी ढवळायचीय?"

डेलिसाने ओहायोचं माहितीपत्रक जवळ ओढलं. आईबापाविना त्यानेच वाढवलेली पोर. आजोबांचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. गावातला दवाखाना आठवड्यातून दोनच दिवस उघडायचा. तो रोज उघडा ठेवायचा हे तिने दहाव्या वर्षीच ठरवलं होतं. ती ओहायोला गेली. इकडे व्हर्लिन चर्चच्या दारात, न्हाव्याकडे, भेटेल त्याला आकडा ऐकवत सुटला. लोक त्याला दुरून पाहूनच "आले चौऱ्याण्णव!" म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं.

तिसऱ्या वर्षी एप्रिलात ती न कळवता घरी आली. मक्याचा पाव ताटात तसाच ठेवून म्हणाली, "पापॉ, मला पत्र मिळणार नाही."

"कसलं पत्र?"

"मेडिकलच्या अर्जाला आमच्या कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र लागतं. ज्याला प्रवेश मिळेल याची त्यांना खात्री, त्यालाच देतात. माझे रसायनशास्त्राचे गुण कमी पडले."

कधी कमी पडले ते तिने सांगितलं नाही. गेल्या ऑक्टोबरात तो पाच आठवडे इस्पितळात होता आणि पोर दर शुक्रवारी सहा तास गाडी हाकत येत होती.

"मग पत्राशिवाय कर अर्ज! उडत गेली ती समिती!"

"सगळीकडे पहिला प्रश्न तोच असतो, तुमच्याच कॉलेजने का नाही दिलं?"

"पण ते चौऱ्याण्णव..."

"पत्र दिलेल्यांतले, पापॉ. माझ्याबरोबर एकशे दहा जण डॉक्टर व्हायला आले होते. पत्रं सव्वीस जणांना."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. ही हातचलाखी त्याला नवी नव्हती. तो जन्मभर राबला त्या कोळशाच्या खाणीच्या दारावर मोठा फलक असायचा, 'अपघाताविना इतके दिवस'. छत कोसळून त्याचा पाय मोडला, तेव्हा मुकादमाने त्याला प्लास्टरसकट रोज गाडीत घालून आणलं आणि ऑफिसात बोल्ट मोजायला बसवलं. माणूस कामावर हजर, म्हणजे अपघात झालाच नाही. तीन आठवडे तो आकडा वाढताना बघत त्याने पोटभर शिव्या घातल्या होत्या. असले आकडे कसे शिजतात हे पंचक्रोशीत कोणाला ठाऊक असेल तर त्याला. आणि त्यानेच पोरीला आकड्याच्या हवाली केलं होतं.

"मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. "तू नको म्हणत होतीस."

"नको नव्हते म्हणत, पापॉ. मी फक्त रविवारचं म्हणत होते."

"मग आता?"

"तिकडचं सोडते. इथल्या सरकारी कॉलेजात नाव घालते, रसायनशास्त्र पुन्हा करते. दोन-तीन वर्षांनी अर्ज. तोवर घरीच राहते."

फुफ्फुसाच्या डॉक्टरने गेल्याच महिन्यात त्याला सांगितलं होतं, नाताळ दिसला तर नशीब. पुन्हा अभ्यास बुडवून धावत येईल म्हणून त्याने तिला ते कळवलं नव्हतं. आता ती घरी राहणार होती. त्याला आधी आनंदच झाला, निखळ आनंद. आणि मग त्या आनंदाची इतकी लाज वाटली, की मान वर करून त्याला तिच्याकडे बघवेना.