रिकाम्या ओळींतली चित्रं

मित्रांनो, टायपिंगच्या दुकानामागच्या खोलीत, वरच्या फळीवर धूळ खात पडलेला मी एक जुना संगणक आहे. माझ्या कळफलकावरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत आणि पडदा कडेने पिवळा पडला आहे. म्हातारपणी सगळे आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. मी मात्र जी सांगणार आहे ती आठवली, की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नवा होतो तेव्हा माझा काय तोरा होता! अर्ज, दाखले, जाडजूड प्रबंध, सगळं माझ्याच पोटातून बाहेर पडायचं. टायपिंग करणाऱ्या ताई सकाळी आल्या की आधी मला पुसायच्या, मग स्वतःची खुर्ची. आमचं चांगलं मेतकूट जमलं होतं.

एकच मजकूर मी नाना तऱ्हांनी दाखवू शकत असे. प्रिंट लेआउटमध्ये पान जसं छापून येणार तसंच दिसे, समासासकट आणि चित्रांसकट. आउटलाइनमध्ये मथळ्यांची उतरंड दिसे. ड्राफ्टमध्ये मात्र नुसती अक्षरं. मजकुराच्या बाजूला ठेवलेलं चित्र जागेवर असे, पण मी ते दाखवत नसे.

पुढे मी जुना होत चाललो, तेव्हा एक दिवस कुलूपवाले काका आले. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केलेला माणूस. आता हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी दुकान पुतण्याकडे सोपवलं होतं. नव्याने धंदा शिकणाऱ्यांसाठी त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती आणि सोबत हात धड होते तेव्हा काढलेली चौदा चित्रं होती. कुलपाच्या आत कुठली पट्टी कुठे बसते, स्प्रिंग कशी वळते, सगळं त्यांत होतं. ताईंनी ती स्कॅन करून मजकुराच्या बाजूला बसवली. पडद्यावर बघून काका इतके हरखले, की आता हे कागद कशाला सांभाळायचे म्हणत त्यांनी ते घरी जाऊन रद्दीत दिले. इतका भरवसा टाकला त्यांनी माझ्यावर.

आणि मी? चित्रं पोटात गेली तसा मी धापा टाकू लागलो. पान सरकवावं तर मिनिटभर ढिम्म. जागा व्हावी म्हणून ताईंनी स्कॅनच्या मूळ फाइली पुसल्या, तरी माझं रडगाणं संपेना. शेवटी त्यांनी ड्राफ्ट लावला, आणि मी पळायला लागलो. ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मूर्खासारखा खूश झालो.

ताईंना टापटिपीचा भारी सोस. परिच्छेदांच्या मधल्या रिकाम्या ओळी त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. चित्रं बसवताना त्यांनीच त्या सोडल्या होत्या आणि चित्रं त्याच ओळींना बांधलेली होती, हे कामाच्या गडबडीत त्या साफ विसरल्या. त्यांनी एकेक ओळ पुसली, आणि ओळीबरोबर चित्रही गेलं. मला सगळं कळत होतं, पण कुणी विचारल्याशिवाय बोलायची सोय माझ्यात नाही. चौदाच्या चौदा गेली. ताईंनी सेव्ह केलं आणि मला बंद केलं.

दुसऱ्या दिवशी काका छापलेली पानं चाळत शेवटापर्यंत गेले, पुन्हा पहिल्या पानावर आले. "चित्रं कुठायत, ताई?" त्यांनी विचारलं.

ताईंनी घाईघाईने प्रिंट लेआउट लावला आणि त्यांना सगळा उलगडा झाला. त्यांचा पांढराफटक चेहरा मला समोरून दिसत होता. मान खाली घालून त्या म्हणाल्या, "मशीनने खाल्ली, काका. जुनं झालंय ते."

काका माझ्याकडे बघत राहिले आणि पानं गोळा करून निघून गेले. खोटा आळ आला म्हणून मला राग यायला हवा होता. मला लाज वाटली. मी धापा टाकल्या नसत्या, तर ताईंनी ती चित्रं कधी नजरेआड केलीच नसती.

त्यानंतर काका रोज दुपारी दुकानात येऊन नव्याने चित्रं काढायला बसू लागले. रेघ काही सरळ जाईना. एक कागद खोडला, दुसरा खोडला. तिसऱ्या दिवशी ताईंना बघवेना. त्यांनी काकांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"मशीनने नाही, काका. मी पुसली. न बघता पुसली, आणि वर तुमच्याशी खोटं बोलले."

"मला कळलं होतं," काका म्हणाले. "कुलूप बिघडलं म्हणून येतात ना, त्यातल्या निम्म्यांनी चुकीची किल्ली फिरवलेली असते. दोष मात्र सगळे कुलपालाच देतात."

ताई रडल्या. मग काका सांगत गेले आणि ताई पट्टीने रेघा ओढत गेल्या. नऊ चित्रं झाली. उरलेली पाच काकांना किती आठवूनही आठवली नाहीत. पुस्तिका तशीच छापली गेली.

मित्रांनो, जे दिसत नाही ते नसतंच, असं धरून चालू नका. काहीही पुसण्याआधी एकदा पूर्ण पान उघडून बघा. आणि चूक झालीच, तर ती माझ्यासारख्या मुक्यावर ढकलू नका. 'मी नाही केलं' असं मला म्हणता येत नाही, आणि 'चुकलो' असंही म्हणता येत नाही.